धाब्यावर

फोन बाराला येणार, असा निरोप होता.
घरात रेंज नाही.
रेंज धाब्यावर येते, पाण्याच्या टाकीच्या उगवतीला,
आणि धाब्यावर जायला तेरा पायऱ्या.

अकरालाच निघाले.
कॅलिपर खाली काढून ठेवला, तो जिन्यात आडवा येतो.
पाठमोरी बसून हात वरच्या पायरीवर टेकायचे,
बूड उचलायचं, ठेवायचं,
मग पाय हातानं उचलून घ्यायचा,
झोपलेलं लेकरू घेतात तसा.
मोबाइल ब्लाउजमध्ये, सर्टिफिकेट दातांत.
सातव्या पायरीवर दम खाल्ला. तिथं भिंतीत
चेतननं लहानपणी खिळ्यानं कोरलेलं विमान आहे.
पोरगा आता सुरतेला नोकरीला,
मी ते आज पाहिलं.

वर खाटेवर वहिनीचे बिबडे,
सकाळीच धोतरावरून सोडवलेले.
चैत्राचं ऊन. टाकीची सावली वीतभर,
तिच्यात माझं डोकं तेवढं मावलं.

बारा चाळीसला एका पोराचा आवाज आला, दमलेला.
त्याच्या मागं आणखी कितीतरी आवाज
कितीतरी जणांना तेच विचारत होते.
नाव?
कोकिळा भटू शिंपी.
तालुका?
अमळनेर.
जुने टक्के?
त्रेचाळीस.
"ताई, हो की नाही, एवढंच सांगायचं हं."

आंघोळ एकटीनं करता?
हो.
(पाट, खुंटीचा दोर, दाराबाहेर वहिनी उभी:
हे सगळं त्या 'हो'मध्ये कुठं कोंबू?)
शिवणकाम करता?
हो. मशीनला मोटर...
"हो लिहिलं, ताई."
शंभर पावलं चालता?
सलग का?
"हो की नाही."
नाही.

रात्री दुखतं का?
नेमकी इथंच रेंज गेली, आली, परत गेली,
म्हणून मला ओरडावं लागलं:
हो! रोज! पोटरीत गोळा येतो!
उशी चावून धरते!
खाली वहिनीचा मिक्सर बंद पडला.
समोरच्या ओट्यावर हिलालअप्पा
तंबाखू मळता मळता थांबले.

अठरा वर्षं या घरात
"काही नाही, जमतं" एवढंच म्हणत आले.
त्याच्यावरच तर माझं ताट
सगळ्यांच्या पंगतीत राहिलं.
आज अख्ख्या गल्लीला कळलं
काय काय जमत नाही.

मग त्यानं विचारलं,
जिना चढता येतो का?

पेपरात वाचते, लोक नियम धाब्यावर बसवतात.
इथं नियमानं मला बसवलं होतं.
म्हटलं, भाऊ, चढून आले
म्हणून तर तुझं ऐकू येतंय.
"म्हणजे हो लिहू?"
लिही. पण कशी आले तेही लिही,
पाऊण तास लागला, तेही.
"तेवढी जागा नाही इथं, ताई."

तो थोडा वेळ बोलला नाही.
मग आवाज खाली आणून,
शेजारच्याला ऐकू जाऊ नये तसा:
"कोणी धरून आणलं असेल ना?"
नाही.
"नीट आठवून सांगा, ताई."

मला कळलं तो काय देऊ पाहतोय.
फक्त 'हो' म्हणायचं होतं,
दिवसभरातलं सगळ्यात सोपं 'हो'.
आणि माझ्या मेलीच्या तोंडून निघालं,
वर मान करून, जणू बक्षीसच घ्यायला उभी आहे:
कोणी नाही. एकटी आले.

"बरं. मेसेज येईल."

उतरणं चढण्याहून वाईट.
बसून राहिले.
थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली.
वहिनी. हातात पाण्याचा तांब्या.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही,
खाटेकडे गेली, बिबडे उलटायला लागली.
पाठमोरीच म्हणाली,
"उतरनं शे का बठनं शे आते?"

हो की नाही, मी काहीच बोलले नाही.
हात पोचत होता तेवढे बिबडे उलटले.
खालची बाजू अजून ओलीच होती.